पाच स्टॅटिक आयपी घेतले, चालतो एकच: उरलेले चार कुठे अडकतात?

तुम्ही विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. भोसरी एमआयडीसीतला छोटा कारखाना. बिझनेस ब्रॉडबँडवर पाच स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारे इंटरनेट पत्ते, घेतलेले. मागच्या आठवड्यात व्होल्टेज वरखाली होऊन जुना राउटर जळाला, नवा बसवला. पहिला पत्ता लगेच चालू झाला, उरलेले चार बाहेरून पिंगसुद्धा ('आहेस का?' एवढंच विचारणारी साधी चाचणी) होत नाहीत. ब्रॉडबँड कंपनीचा मुलगा आला, त्याने लॅपटॉप थेट लावून पाचही पत्ते एकामागून एक चालवून दाखवले आणि 'लाइन ओके आहे, तुमच्या राउटरचा प्रॉब्लेम' असं म्हणून संध्याकाळी साडेसहाला निघून गेला. राउटर विकणारा म्हणतो, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं आतल्या ठरावीक यंत्राकडे पाठवायचे नियम) बरोबर आहे, लाइनवाल्याला धरा. जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय, की घरी निघताना शेवटचा प्रयत्न म्हणून तिसरा पत्ता राउटरवर सेकंडरी, म्हणजे जादा पत्ता, म्हणून टाकला होता. तेव्हा काहीच झालं नाही, पण रात्री साडेदहाच्या सुमारास तो आपोआप चालू झालेला दिसला आणि सकाळी कारखाना उघडल्यावर पुन्हा बंद पडला.

शेवटचं वाक्य तुम्ही 'सहज सांगून ठेवतो' म्हणून टाकलंय. माझ्या दृष्टीने निम्म्याहून जास्त उत्तर त्यातच आहे, पण तिथे पोचायला जरा मागून यावं लागेल.

तुमचे खरे पत्ते इथे लिहू नका, मीही लिहीत नाही. उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला एक गट असतो, तो घेऊ: २०३.०.११३.८ स्लॅश २९. स्लॅश २९ म्हणजे एकूण आठ पत्ते, मास्क (गट केवढा आहे ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.२४८. त्यातला पहिला, म्हणजे .८, नेटवर्कचा आणि शेवटचा .१५ ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा. राहिले सहा. त्यातला .९ कंपनीने आपल्या गेटवेला, म्हणजे तुमची लाइन जिथे जाऊन मिळते त्या तिच्या राउटरला, ठेवला. म्हणून तुमच्या हातात पाच: .१० ते .१४. 'आठाचे पैसे घेतात आणि पाचच देतात' अशी तक्रार मी दर दोन महिन्यांनी ऐकतो. यात कोणी फसवत नाही, हिशोबच तसा आहे.

आता मुख्य मुद्दा. कंपनी पाच पत्ते देते म्हणजे तुमच्या तारेतून पाच पत्ते 'येतात' असं बहुतेकांना वाटतं. तारेतून पत्ते येत नाहीत. जुन्या वाड्याच्या दारात पोस्टमन उभा राहून 'कुलकर्णी कोण?' असं ओरडायचा, ते आठवा. आतून कोणी ओ दिली तर पत्र आत जायचं, नाहीतर परत. कंपनीचा गेटवे अगदी हेच करतो. .१२ साठी पॅकेट (डेटाचा गठ्ठा) आलं की तो तारेवर विचारतो, '.१२ कोणाकडे आहे?' ज्याच्याकडे असेल त्याने आपला मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा क्रमांक, सांगायचा. या ओरडण्याला एआरपी म्हणतात. एकदा ओ मिळाली की गेटवे तो चेहरा लक्षात ठेवतो आणि पुढचे काही तास विचारतही नाही, थेट त्याच्याच हातात पत्र देतो. दरम्यान तो भाडेकरू खोली सोडून गेला असला तरी.

तुमच्या राउटरवर विक्रेत्याने फक्त पोर्ट फॉरवर्डिंगचे नियम लिहिलेत: '.११ वर आलेलं डीव्हीआरकडे (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) पाठव, .१३ वर आलेलं टॅलीच्या सर्व्हरकडे पाठव.' नियम बरोबर आहेत, ते मला मान्य. पण पॅकेट राउटरच्या दारात पोचल्यावरच तो नियम लागू होणार ना? '.११ कोणाकडे?' या हाकेला राउटर गप्प बसतो, कारण .११ आपला आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. लॅपटॉपवर मात्र त्या मुलाने प्रत्येक पत्ता हाताने टाकला, त्यामुळे लॅपटॉपने प्रत्येक वेळी ओ दिली. म्हणून त्याची चाचणी खरी होती आणि त्यावरून त्याने काढलेला निष्कर्षही बराचसा बरोबर होता. लाइन चांगली आहे.

मात्र तो मुलगा न कळत एक उद्योग करून गेला. त्याच्या लॅपटॉपने पाचही पत्त्यांवर ओ दिली, म्हणजे गेटवेच्या डोक्यात पाचही पत्त्यांसमोर आता त्याच्या लॅपटॉपचा मॅक बसला. तो लॅपटॉप पिशवीत घालून मोशीला की चिंचवडला निघून गेला आणि गेटवे मात्र त्याच्याच नावाने पॅकेटं पाठवत राहिला. सिस्कोच्या राउटरवर ही आठवण मुळात चार तासांची असते, ज्युनिपरवर वीस मिनिटांची. साडेसहात चार तास मिळवा. साडेदहा! तुमचा .१२ रात्री 'आपोआप' चालू झाला तो असा. गेटवेची आठवण पुसली गेली, त्याने नव्याने हाक मारली आणि तोपर्यंत तुम्ही .१२ राउटरवर टाकलेला असल्यामुळे राउटरने ओ दिली. .१० ला हा त्रास झाला नाही, कारण तो राउटरचा मुख्य पत्ता. राउटर चालू झाल्या झाल्या स्वतःच गेटवेला .१० च्या नावाने हाक मारतो, त्यामुळे तिथली नोंद लगेच दुरुस्त होते.

पहिल्या अडचणीवरचा उपाय आता उघड आहे: .११ ते .१४ हे चारही पत्ते राउटरच्या वॅन पोर्टवर, म्हणजे बाहेरची लाइन लागते त्या पोर्टवर, टाका. राउटर बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीचा शब्द वेगळा असतो, तिथे माणूस अडखळतो. मायक्रोटिकमध्ये आयपी ॲड्रेसेसच्या यादीत तेच इंटरफेस निवडून एकेक पत्ता वाढवायचा. ड्रेटेकमध्ये त्याला वॅन आयपी एलियस म्हणतात. फोर्टिगेटमध्ये व्हर्च्युअल आयपीचा नियम केला की तो स्वतःच एआरपीला उत्तर देतो, वेगळा पत्ता टाकावा लागत नाही. पीएफसेन्समध्ये व्हर्च्युअल आयपी बनवताना प्रकार विचारतो, तिथे आयपी एलियस निवडा. प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्याच्या वतीने ओ देणं) निवडलात तर हाकेला उत्तर जाईल, पण त्या पत्त्यावर खुद्द फायरवॉलची व्हीपीएनसारखी (बाहेरून आत यायची सुरक्षित वाट) सेवा चालवता येणार नाही. आणि तुमचा राउटर घरगुती वर्गातला असेल, म्हणजे वॅनच्या पानावर एकच आयपी टाकायची चौकट आणि बाकी काही नाही, तर इथेच थांबा आणि तो बदला. त्याच्याशी रात्र काढून उपयोग नाही. कितीही अँटेना असल्या तरी त्याला दुसऱ्या नावाला ओ देता येत नाही.

मास्कही तपासा. नव्या राउटरमध्ये घाईत २५५.२५५.२५५.० टाकलेला मी इतक्या वेळा पाहिलाय, की आता राउटर उघडला की आधी तिकडेच बघतो. तसं केलं तरी इंटरनेट चालतं, त्यामुळे संशय येत नाही. फक्त त्याच कंपनीच्या आसपासच्या पत्त्यांवर बसलेले ग्राहक तुम्हाला दिसेनासे होतात, कारण राउटरला ते शेजारी वाटतात आणि तो गेटवेला न विचारता थेट हाका मारत बसतो. 'सगळं चालतं, पण एका व्हेंडरचं पोर्टल उघडत नाही' ही तक्रार आली की मी मास्क विचारतो.

पत्ते टाकल्यावरही गेटवेची जुनी आठवण पुसली जाईपर्यंत वाट बघायची नसेल तर दोन युक्त्या आहेत. पहिली: राउटरचा मुख्य वॅन पत्ता तात्पुरता .११ करा, सेव्ह करा, राउटरमधूनच गेटवेला, म्हणजे .९ ला, पिंग मारा. राउटर .११ च्या नावाने बोलला की गेटवे बहुतेक वेळा आपली नोंद बदलून घेतो. मग .१२, मग .१३, मग .१४, आणि शेवटी परत .१०. प्रत्येकी एक मिनिट. ओबडधोबड आहे, पण कुठल्याही राउटरवर करता येते. दुसरी: जळालेल्या राउटरच्या तळाशी मॅकचा स्टिकर असेल, तो मॅक नव्या राउटरच्या वॅन पोर्टवर क्लोन करा. तुमच्या बाबतीत मधे लॅपटॉप येऊन गेल्यामुळे एआरपीसाठी याचा उपयोग नाही, पण काही कंपन्या ग्राहकाचा मॅक आपल्याकडे बांधून ठेवतात, तिथे ही युक्ती तासाभराचे फोन वाचवते. म्हणून जुना राउटर भंगारात टाकण्याआधी त्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा.

आता सकाळचं कोडं. .१२ रात्रभर चालला आणि कारखाना उघडल्यावर बंद पडला. गेटवेची आठवण हे याचं कारण असू शकत नाही, कारण रात्री ती आठवण तुमच्या राउटरच्या बाजूने बसली होती. माझा संशय असा, की सकाळी जे यंत्र चालू होतं आणि संध्याकाळी बंद होतं, अशा एखाद्या यंत्रावर .१२ अजूनही टाकलेला आहे. म्हणजे एका नावाला दोघं ओ देतात.

तुम्ही म्हणाल, आतल्या सगळ्या यंत्रांना १९२.१६८ चे पत्ते आहेत, बाहेरचा पत्ता आत कसा असेल? ओएनटी (फायबर जिथे येऊन लागतो तो डबा) आणि राउटरच्या मध्ये पाच पोर्टांचा छोटा पांढरा स्विच आहे का ते बघा. फायबरचं काम झालं तेव्हा राउटर आलेला नसतो. कोणाला तरी घाई असते, मग लाइनवाला एक स्विच लावतो आणि एका पीसीवर थेट स्टॅटिक आयपी टाकून देतो. ती सोय 'तात्पुरती' असते आणि चार वर्षं तशीच राहते. मी आजवर अशी यंत्रं कुठे कुठे पाहिलीत सांगतो: हजेरीचं थंब मशीन, वजनकाट्याचा पीसी, मालकांच्या केबिनमधला संगणक, आणि एकदा तर माळ्यावर ठेवलेला, कोणालाच न आठवणारा डीव्हीआर. डीव्हीआर रात्रीही चालू असतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत तो नसावा. ऑफिसातला एखादा पीसी असण्याची शक्यता जास्त.

याची खात्री करायला उपकरण लागत नाही. सकाळी, कामाच्या वेळात, राउटरची वॅनची तार काढा आणि मोबाइल डेटावरून .१२ ला पिंग मारा. लगेच उत्तर आलं नाही तर चार तासांपर्यंत मारत राहा, कारण तीच आठवणीची भानगड इथेही आहे. राउटर बाहेर असताना कोणी उत्तर दिलं तर ते दुसरं कोणीतरी आहे, वाद संपला. उत्तर आलं नाही म्हणून मात्र तिथे कोणी नाही असं समजू नका. विंडोजचा फायरवॉल बाहेरच्या पिंगला बहुतेक वेळा उत्तरच देत नाही. अशा वेळी त्या छोट्या स्विचमधली एकेक तार हातात धरून ती कुठे जाते ते बघत जायचं. तारेमागे चालत जाण्याला पर्याय नाही.

राउटर बरा असेल तर त्याहून चांगला मार्ग म्हणजे वॅन पोर्टवर पॅकेट पकडणं. मायक्रोटिकमध्ये पॅकेट स्निफर आहे, पीएफसेन्समध्ये पॅकेट कॅप्चर, फोर्टिगेटमध्येही सोय आहे. बाहेरून मोबाइलवरून .११ ला पिंग चालू ठेवायचं आणि दारात काय येतं ते बघायचं. मी या चाचणीशिवाय कंपनीला फोनच करत नाही, कारण तिच्यामुळे दोष दाराच्या आत आहे की बाहेर ते कळतं. '.११ कोणाकडे?' ही हाक येतेय आणि तुमचा राउटर गप्प आहे, तर पत्ता टाकायचा राहिलाय. हाक येतेय, राउटर ओ देतोय, पाठोपाठ पिंगही येतंय, तर लाइनचा विषय संपला, आता आतले नियम तपासा. हाकही नाही आणि पिंगही नाही, तर कंपनीच्या बाजूला काहीतरी आहे: जुनी आठवण, किंवा पोर्टवर किती मॅक चालतील याची मर्यादा, किंवा तो गट तुमच्यापर्यंत पोचतच नाही. तुमच्या मधल्या स्विचला जोडलेला तो गुपचूप पीसी खरंच असेल, तर एका पोर्टवर दोन मॅक दिसतात. मर्यादा एकाचीच असेल तर जो आधी जागा झाला तो जिंकतो, हेही लक्षात ठेवा.

इथे एक फाटा आहे, तो समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. आत्तापर्यंत सांगितलेलं सगळं तुमचा गट 'ऑन-लिंक' आहे असं धरून सांगितलं, म्हणजे कंपनीचा गेटवे त्याच आठ पत्त्यांत बसलेला आहे. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तसंच दिसतं. पण दुसरी पद्धतही असते, 'राउटेड' गट. त्यात राउटरच्या वॅनला वेगळाच पत्ता मिळतो, समजा १९८.५१.१००.६, मास्क २५५.२५५.२५५.२५२, गेटवे .५. आणि कंपनी आपल्या राउटिंगमध्ये लिहून ठेवते, की २०३.०.११३.८ चा अख्खा गट या .६ कडे पाठवा. तिथे कोणी हाक मारत नाही, पत्रांचं अख्खं पोतंच तुमच्या दारात येऊन पडतं. त्यामुळे एआरपी, प्रॉक्सी, मॅक यांतलं काहीच त्या गटाला लागू होत नाही. नॅट (राउटरने बाहेरचा पत्ता आतल्या पत्त्याशी बदलून देणं) करणार असाल तर आठही पत्ते वापरता येतात, पहिला आणि शेवटचासुद्धा.

कनेक्शन युजरनेम-पासवर्डचं, म्हणजे पीपीपीओईचं असेल तर जादा पत्ते जवळजवळ नेहमी राउटेडच असतात. तिथला नेहमीचा घोटाळा वेगळा: लॉगिन होतं, पहिला पत्ता मिळतो, पण कंपनीच्या रेडियस सर्व्हरवर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) तुमच्या खात्यासमोर उरलेल्या गटाचा रूट, म्हणजे वाट, लिहायचा कोणीतरी विसरलेलं असतं. प्लॅन बदलला, नूतनीकरण उशिरा झालं, खातं एका सिस्टिममधून दुसरीत हलवलं, की ही ओळ गळते. ग्राहक राउटर तीन वेळा रीसेट करतो आणि चूक पार तिकडे असते. ओळखायची खूण ट्रेसरूट, म्हणजे पॅकेट वाटेत कुठे कुठे जातं ते दाखवणारी आज्ञा. बाहेरून .११ ला ट्रेस लावा. कंपनीच्या आतच कुठेतरी विरून गेला तर रूट नसण्याची शक्यता मोठी. शेवटी शेवटी कंपनीचा एक पत्ता आणि तुमच्या राउटरचा पत्ता असे दोनच आलटून पालटून दिसत राहिले, तर आनंद माना: गट तुमच्यापर्यंत येतोय, पण राउटरला त्याचं काय करायचं ते माहीत नाही म्हणून तो डिफॉल्ट रूटने परत पाठवतोय. दोघं एकमेकांकडे टोलवतात. राउटरवर त्या पत्त्यांचे नॅट नियम लिहा, किंवा गटातला पत्ता आतल्या इंटरफेसवर टाका, टोलवाटोलवी थांबते.

म्हणून कंपनीला फोन केलात तर 'आयपी चालत नाही' असं म्हणू नका. त्या वाक्याला उत्तर ठरलेलं आहे: ओएनटी बंद करून चालू करा. त्याऐवजी लेखी विचारा: आमचा गट ऑन-लिंक आहे की राउटेड? गेटवेच्या एआरपी टेबलमध्ये .११ ते .१४ समोर कोणता मॅक दिसतो? आमच्या राउटरच्या वॅनचा मॅक हा असा आहे, तो वेगळा असेल तर नोंदी क्लिअर करा. आमच्या पोर्टवर मॅकची मर्यादा आहे का, असल्यास किती? हे चार प्रश्न पहिल्या फळीतल्या माणसाला झेपत नाहीत, त्यामुळे तो तिकीट वर पाठवतो. निम्मं काम त्यातच होतं.

प्रॉक्सी एआरपीबद्दल एक सावधगिरी, माझ्याच अंगाशी आलेली. चाकणच्या एका ठिकाणी दोन कंपन्यांच्या दोन लाइन होत्या. पत्ते एकेक टाकण्याचा कंटाळा केला आणि पहिल्या लाइनच्या वॅन पोर्टवर सरसकट प्रॉक्सी एआरपी चालू करून टाकलं. चारही पत्ते झटक्यात चालू, मी खूश. पण त्या राउटरचा डिफॉल्ट रूट दुसऱ्या लाइनकडे होता. त्यामुळे पहिल्या लाइनवर कोणीही कोणाच्याही नावाने हाक मारली, की 'माझ्याकडून पलीकडे जाता येतं' म्हणून माझा राउटर ओ द्यायला लागला. शेजारच्या दोन युनिटांचं इंटरनेट बसलं आणि तासाभरात कंपनीने आमचा पोर्ट बंद केला. त्यांचं बरोबरच होतं. तेव्हापासून पत्ते हाताने, एकेक करून टाकतो.

पत्ते आत येऊ लागले की लोकांना वाटतं काम झालं. उलट्या दिशेची गोष्ट राहिलेली असते आणि ती दोन आठवड्यांनी वर येते. तुम्ही लिहिलंय, की बँकेच्या पेमेंटच्या जोडणीसाठी .१३ कळवलेला आहे. फॉरवर्डिंगचा नियम फक्त बाहेरून आलेल्या संभाषणासाठी असतो, त्याची उत्तरं आपोआप .१३ वरूनच जातात. पण तुमच्या सर्व्हरने स्वतःहून बँकेला हाक मारली तर ती सरसकट नॅटमधून, म्हणजे .१० वरून जाते. बँक म्हणते, हा पत्ता आमच्या यादीत नाही. पोर्टल 'कधी चालतं कधी नाही' असं वाटतं, कारण पोर्टल ब्राउझरमध्ये चालतं आणि जोडणी मात्र चालत नाही. यासाठी बाहेर जाणाऱ्या दिशेचा वेगळा नियम लागतो: सर्व्हर अमुक, बाहेर जाताना पत्ता .१३. हा नियम सरसकट मास्करेडच्या (सगळ्यांना राउटरच्या पत्त्यावरून बाहेर पाठवणारा नियम) वर हवा, नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला की गाडी थांबते. मायक्रोटिकवर एकाच पोर्टवर पाच पत्ते टाकल्यानंतर मास्करेडवर विसंबूच नका, ते कोणता पत्ता उचलेल ते तुमच्या मनासारखं असेलच असं नाही. सगळ्या ऑफिससाठीही पत्ता स्पष्ट लिहा. ड्रेटेकमध्ये एलियस टाकताना 'जॉइन नॅट आयपी पूल' अशी एक खूणचौकट आहे. तिच्यावर टिक राहिली तर ऑफिसचा बाहेर जाणारा ट्रॅफिक पाचही पत्त्यांवर वाटला जातो. बँकेच्या व्यवहारात असलं वैविध्य चालत नाही, ती टिक काढा. तपासायची रीत सोपी: त्या सर्व्हरवरच ब्राउझर उघडून 'माझा आयपी काय' असं शोधा. तुमच्या टेबलावरच्या पीसीवर नव्हे, सर्व्हरवर.

मेल सर्व्हर स्वतःचा असेल तर हीच गोष्ट दुप्पट लागू. मेल ज्या पत्त्यावरून बाहेर पडतो त्याचा उलटा डीएनएस (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) जुळायला हवा, आणि तो तुमच्या डोमेनवाल्याकडे नसतो, ब्रॉडबँड कंपनीकडूनच लिहून घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल याबाबत चांगलंच कडक झालंय.

चाचणीच्या बाबतीत दोन चुका टाळा. ऑफिसच्या वायफायवर बसून बाहेरचा पत्ता तपासू नका. आतून निघालेलं पॅकेट राउटरला वळसा घालून पुन्हा आत यायला हेअरपिन नॅटचा वेगळा नियम लागतो, तो नसेल तर चालू असलेली सेवाही बंद दिसते. मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर तपासा. दुसरं, नुसत्या पिंगवर निकाल देऊ नका. वन-टू-वन नॅट (बाहेरचा एक अख्खा पत्ता आतल्या एकाच यंत्राला) केलंत तर पिंग आतल्या यंत्रापर्यंत जातं, आणि वर म्हटलं तसं विंडोज गप्प बसतं. टॅलीसाठी ९०००, डीव्हीआरसाठी जे पोर्ट ठेवले असतील ते, असे पोर्टच तपासा. दुसरी लाइन बॅकअपला असेल तर चाचणीपुरती तिची तार काढा. पॅकेट एका दाराने येतं आणि उत्तर दुसऱ्याने जातं, समोरचा ते ओळखत नाही, आणि आपण एआरपीला दोष देत बसतो.

न विचारलेलं एक सांगतो. तुमच्या यादीत टॅलीच्या सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे पोर्ट ३३८९, .१४ वर उघडा ठेवायचा बेत दिसतोय. करू नका. उघडा ३३८९ शोधणारी यंत्रं जगभर दिवसरात्र फिरत असतात, आणि कारखान्याचा डेटा कुलूपबंद होऊन खंडणीची चिठ्ठी पडद्यावर आलेली मी दोनदा पाहिली आहे. दोन्हीकडे दार हेच होतं. राउटरवर व्हीपीएन घ्या, त्याला .१० पुरतो. डीव्हीआरही त्याच्याच आत घ्या. मग खरोखर बाहेर उघडा ठेवावा लागेल असा एखादाच पत्ता उरतो. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर सर्ट-इनचे (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देशही नजरेखालून घाला. सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणं आणि लॉग १८० दिवस ठेवणं त्यात आहे. राउटरची मेमरी एवढे लॉग ठेवत नाही, ते बाहेर पाठवावे लागतात.

आणि मग प्रश्न येतो, की पाच पत्ते हवेतच कशाला? आशिया-पॅसिफिकचा आयपी पत्त्यांचा मोकळा साठा १५ एप्रिल २०११ ला शेवटच्या गटापर्यंत आला, तेव्हापासून नव्या पत्त्यांचं रेशनिंग चालू आहे, म्हणून कंपन्या गटाचे वर्षाला वेगळे पैसे लावतात. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच छोट्या युनिटांत पाचातले तीन नुसते पडून असतात. तुम्हाला बँकेसाठी एक आणि बाकी सगळ्यासाठी एक, असे दोन पुरतील असं मला वाटतं. पण तो निर्णय नूतनीकरणाच्या वेळी घ्या, आत्ता अर्ध्या दुरुस्तीत गट बदलून घेऊ नका.

क्रम असा ठेवा. गुरुवारी भोसरीला साप्ताहिक सुट्टी असते, त्या दिवशी जा. कारखान्यातले पीसी बंद असतात आणि लाइन पाडल्याबद्दल कोणी ओरडत नाही. आधी चारही पत्ते राउटरवर टाका, मग एकेक मिनिटाची ती मुख्य पत्ता बदलायची फेरी करा, मग मोबाइल डेटावरून पोर्ट तपासा. सगळे चालले तर तसेच सोडून या. शुक्रवारी सकाळी एकेक पीसी चालू करत जा आणि .१२ वर लक्ष ठेवा. ज्या पीसीबरोबर तो पडेल त्याची मागची तार त्या पांढऱ्या स्विचमध्ये जाते का ते बघा. जात असेल तर ती काढून राउटरच्या आतल्या बाजूला लावा आणि त्या पीसीवरचा हाताने टाकलेला पत्ता पुसून ऑटोमॅटिक करा. स्विचमध्ये तसली तारच नसेल तर वॅनवरचं शुक्रवार सकाळचं पॅकेट कॅप्चर पाठवा. .१२ च्या नावाने दोन मॅक बोलताना दिसले तर दुसऱ्या मॅकच्या पहिल्या सहा अंकाक्षरांवरून ते यंत्र कोणत्या कंपनीचं आहे ते बहुतेक वेळा सांगता येईल.